वाचकांचे प्रश्न: तीन रविवारांचं प्रकरण

प्रश्न: ताई, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांचं मला सध्या वेड लागलं आहे. काहींत नायिका ट्रान्स असते, काहींत नायकाने युद्धात पाय गमावलेला असतो. मैत्रीण म्हणते, ही आजची खुळं जुन्या काळाला चिकटवली आहेत. मला मात्र त्या खाली ठेववत नाहीत. असं का होतं?

उत्तर: मैत्रिणीला आधी जेम्स बॅरीबद्दल सांगा. ब्रिटिश सैन्यातला हा सर्जन पुरुष म्हणून जगला. १८२६ मध्ये केपटाउनला त्याने सिझेरियन केलं आणि आई-बाळ दोघंही वाचली. त्या काळात ही केवढी गोष्ट! १८६५ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचं शरीर स्त्रीचं होतं ही बातमी मृतदेहाची तयारी करणाऱ्या बाईकडून बाहेर फुटली. आधी पुरुष म्हणून जगलेली फ्रान्सची मुत्सद्दी शेव्हालिए द'एऑं तर १७७७ पासून उघडपणे स्त्री म्हणून वावरली, आणि १७८७ मध्ये लंडनला प्रिन्स ऑफ वेल्ससमोर स्त्रीवेशातच तलवारबाजी खेळली. माणसं होतीच. त्यांच्या वाट्याला प्रेमकथा येत नव्हती, एवढंच.

आता पायाचं. वॉटर्लूच्या लढाईत, १८१५ मध्ये, लॉर्ड अक्सब्रिजचा पाय गेला. त्याच्यासाठी जेम्स पॉट्सने लाकडी पाय घडवला. त्याला गुडघ्याशी पोलादी सांधा होता आणि पाऊल हलावं म्हणून आत तात ओवलेली होती. चालताना तो खटखट वाजे. मी कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, वापरते. उभं राहताना गुडघ्याचं लॉक खट्‌कन बसतं आणि शांत खोलीतल्या सगळ्या माना वळतात. मग कादंबरीतला असाच लाकडी पायाचा नायक जिना चढतो, आणि ती खटखट ऐकून वरच्या खोलीत कुणीतरी हातातलं पुस्तक मिटून, केस सारखे करून दाराकडे बघत बसतं! हे वाचताना मला काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रेमकादंबरीत शेवट गोड होणार हे ठरलेलं असतं. एरवीच्या गोष्टींत आमच्यासारखे लोक मरतात, कुणाला तरी शहाणं करून जातात किंवा शेवटच्या पानावर खडखडीत बरे होतात. इथे पाय परत येत नाही, तरी लग्न होतं. चमत्काराने बरं करणारी कादंबरी मी अर्ध्यात सोडते. नायिकेचं गुपित भर मेजवानीत फोडून वाचकाला धक्का देणारीही.

मी आधी लग्नाचा भाग बघते. १७५३ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये साध्या जोडप्याची नावं चर्चमध्ये तीन रविवार मोठ्याने पुकारली जात. ट्रान्स नायिका बाकावर बसली आहे, आणि पाद्री कोणतं नाव पुकारणार हे तिला अजून कळलेलं नाही. ते प्रकरण जमलं असेल, तर मी रात्र जागून पुस्तक संपवते.