खिडकीसमोर चढलेली भिंत

प्रश्न : सातारा जिल्ह्यात नगरपरिषदेच्या हद्दीत आमचं बैठं घर आहे, १९९९ साली बांधलेलं. शेजारचा प्लॉट सहा वर्षांपूर्वी विकला गेला. आमच्या शेवग्याची पानं पडतात यावरून नव्या मालकांशी कुरबुर झाली आणि त्यानंतर त्यांनी हद्दीवर सिमेंट ब्लॉकची भिंत चढवायला घेतली. आमच्या अंगणातून मोजली तर ती नऊ फूट भरते आणि कॉलमच्या सळया अजून वर ठेवल्या आहेत. स्वयंपाकघराची खिडकी हद्दीपासून चार फुटांवर आहे. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय आता भाजी चिरता येत नाही. तुळशीला ऊन नाही. पावसाचं पाणी पूर्वी त्यांच्या बाजूने ओढ्याकडे उतरायचं, ते अंगणात तुंबतं. बोलायला गेले तर म्हणाले, "माझ्या जागेत मी कितीही उंच बांधीन." पोलिसांनी दिवाणी वाद म्हणून परत पाठवलं. मुलगा म्हणतो, जेसीबी आणून पाडून टाकू. यजमान वारले, धावपळ करणारी मीच. गवंडी सोमवारी पुन्हा येणार आहेत. काय करू?

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी मुलाला आवरा. भिंतीला हात लावला तर आगळीकीचा गुन्हा दाखल होईल, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४, आणि आज तुमच्या बाजूने उभा असलेला मुलगा जामिनासाठी उभा राहील. शिवाय उजेड-वाऱ्याचा जो कायदा तुमच्या कामी येणार आहे, तो म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२. सुविधाधिकार म्हणजे आपल्या घरा-जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या जागेवर मिळालेला हक्क. त्याचंच कलम ३६ सांगतं की हक्कात आलेला अडथळा हक्कदाराने स्वतःच्या हाताने दूर करायचा नाही. तो कोर्टाकडूनच काढून घ्यायचा.

शेजारी म्हणतात ते अर्धं खरं आहे. स्वतःच्या जागेत बांधण्याचा हक्क प्रत्येक मालकाला आहे. पण याच कायद्याच्या कलम ७ मध्ये तो हक्क सांगताना नगरपालिकेच्या नियमांना अधीन राहून, असं म्हटलं आहे. शेजारी वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकवतात, दुसरा गिळतात.

आता तुमच्या पत्राची उकल करू. तुम्ही एका दमात चार तक्रारी सांगितल्या आहेत: उंची, खिडकी, तुळस आणि पाणी. तुमच्या दृष्टीने ते एकच दुःख आहे, हे मला समजतं. पण कायद्यात या चारांची घरं वेगळी आहेत आणि सगळं एकाच अर्जात कोंबलं की कशाचाच निकाल लागत नाही.

उंचीपासून सुरुवात करू, कारण सोमवार जवळ आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे, पण राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांना २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, ऑफिसात तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार प्राधिकरणाची विशेष परवानगी नसेल तर कुंपणभिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट उंच असू शकते. २.४ मीटरपर्यंत, म्हणजे पावणेआठ फुटांच्या थोडं वर जाता येतं, पण वरचं ०.९ मीटर जाळीचं किंवा ग्रिलचं, आरपार दिसेल असं हवं. म्हणजे भरीव बांधकाम दोन्ही बाबतीत पाच फुटांच्या आसपासच थांबतं. शाळा, इस्पितळं, कारखाने यांना जी सवलत आहे ती राहत्या घराला नाही.

इथे एक बारकावा आहे. तुम्ही उंची अंगणातून मोजलीत. नियम ती रस्त्याच्या मध्यापासून मोजतो. तुमचं अंगण रस्त्यापेक्षा फूटभर खाली असेल तर कागदावर भिंत नऊ फुटांची नाही, आठ फुटांची ठरेल. तरी ती मर्यादेबाहेरच आहे, पण अर्जात नऊ लिहून अभियंत्याने आठ मोजली तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही शंका घेतली जाते. एखाद्या ओळखीच्या गवंड्याला बोलवा. तो पाण्याची पारदर्शक नळी घेऊन येईल, एक टोक रस्त्याच्या मध्यावर आणि दुसरं भिंतीशी धरून पाण्याची पातळी जुळवेल आणि भिंतीवर आपल्या बाजूने खडूची रेघ मारेल. त्या रेघेपासून वर टेप लावा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लेखी तक्रार करा. भिंतीची मोजलेली उंची लिहा, चालू बांधकाम थांबवण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ खाली नोटीस द्यावी आणि मर्यादेबाहेरचा भाग कलम ५३ खाली काढायला लावावा, अशी मागणी करा. सोबत फोटो जोडा. एक प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा' असं सांगतील. तरी शिक्का घ्याच. पुढे कोर्टात हाच शिक्का सांगतो की तुम्ही भिंत अर्धी असतानाच ओरडला होता. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका: या भिंतीला परवानगी दिली आहे का, असल्यास किती उंचीची, मंजूर नकाशाची प्रत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची.

नगरपरिषदेने नोटीस काढली तर शेजारी तिच्याविरुद्ध कोर्टात धावतील. नगररचना कायद्याचं कलम १४९ अशा दाव्यांच्या आड येतं, पण एकतर्फी हुकमाची भीती नको म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, दाखल करून ठेवा. तिची मुदत ९० दिवस.

एक अवघड गोष्ट आत्ताच विचारतो. तुमचं स्वतःचं घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे ना? खिडकी हद्दीपासून चार फुटांवर म्हणता. नकाशात बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा, किती दाखवलं आहे ते कपाटातून काढून पाहा. स्वयंपाकघर मागाहून वाढवलेलं असेल तर तुमच्या अर्जापाठोपाठ शेजाऱ्यांचा अर्ज येणार, हे धरून चाला. तक्रार करू नका असं मी म्हणत नाही. पण ते तुम्हाला त्यांच्या वकिलाकडून कळायला नको.

आता खिडकी. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा प्राण खिडकीत आहे, उंचीत नाही. उंचीवर नगरपरिषद उद्या दंड घेऊन काही भाग नियमित करू शकते. खिडकीचा हक्क मात्र तुमचा आहे; नगरपरिषदेची परवानगी असलेल्या भिंतीमुळेसुद्धा तो जात नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एखाद्या इमारतीच्या खिडकीतून २० वर्षं शांतपणे, खंड न पडता उजेड-वारा येत राहिला की तो हक्क पक्का होतो. तुमची खिडकी १९९९ ची, म्हणजे वीस वर्षं कधीच उलटली. प्लॉट नव्या मालकाने घेतला म्हणून ती पुन्हा शून्यापासून मोजायची नसतात.

पण याच कलमात दोन मुदती दडलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याने चांगली प्रकरणं गेलेली मी पाहिली आहेत. अडथळा आल्याचं माहीत असून तुम्ही तो वर्षभर मुकाट सोसलात तर उपभोगात खंड पडला असं धरलं जातं. आणि वीस वर्षांचा काळ दावा दाखल होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेला हवा. म्हणून 'निवडणुका होऊ दे', 'दिवाळीनंतर बघू' असं करू नका. माझा सल्ला विचाराल तर दावा महिन्याभरात दाखल व्हावा.

हक्क आहे एवढ्याने भागत नाही, नुकसान भरीव असावं लागतं. पूर्वीपेक्षा थोडा कमी उजेड, ही तक्रार कलम ३३ खाली टिकत नाही. घरात वावरण्याच्या सोयीत ठळक बाधा आली, हे दाखवावं लागतं. 'भर दुपारी दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नाही' हे तुमचं वाक्य जसंच्या तसं दाव्यात घाला. वकिलाची दहा विशेषणं त्याच्यापुढे फिकी आहेत.

पुरावा घरातच आहे. बांधकाम परवाना, पूर्णत्वाचा दाखला, १९९९-२००० ची घरपट्टीची पावती, पहिलं वीजबिल. आणि जुने अल्बम. बारशाच्या, हळदीकुंकवाच्या एखाद्या फोटोत ओट्यावर ऊन पडलेलं आणि मागे ती खिडकी दिसत असेल तर तो फोटो निगेटिव्हसह जपून ठेवा. खिडकी मध्ये बदलली आहे का, तेही कळवा. जुनी लाकडी खिडकी काढून तुम्ही मोठी स्लायडिंगची बसवली असेल आणि त्याला वीस वर्षं झाली नसतील तर हक्क जुन्या मापापुरता मिळेल, वाढीव भागाचा नाही.

तुळशीबद्दल मात्र मन घट्ट करून सांगतो. मोकळ्या जागेवर येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा हक्क कितीही वर्षांच्या वहिवाटीने मिळत नाही; कलम १७ तसं स्पष्ट म्हणतं. अंगण, तुळशीवृंदावन, पापड वाळवायची जागा यांवर वीस काय, चाळीस वर्षं ऊन आलं असलं तरी दिवाणी कोर्ट त्यासाठी भिंत उतरवायला सांगणार नाही. तुम्हाला किती लागेल ते कळतं. पण दावा तुळशीभोवती उभा केलात तर समोरचा वकील कलम १७ वाचून दाखवेल आणि तुमची खिडकीसुद्धा त्या सावलीत जाईल. नगरपरिषदेने भिंत पाच फुटांवर आणली की ऊन आपोआप येईल. ती लढाई तिकडे.

पाण्याची बाजू उलट जोरकस आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पावसाचं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत जाऊ देणं खालच्या मालकाला भाग आहे. हा जमिनीबरोबर येणारा हक्क आहे, त्याला वीस वर्षांची अट नाही. फक्त पाणी आभाळातलं हवं. मोरीचं, टाकी भरून वाहिलेलं पाणी यात बसत नाही, म्हणून ते पाइपने गटाराला जोडलेलं आहे याची खात्री करा. पाऊस पडत असताना अंगणाचा व्हिडिओ घ्या. ब्लॉकच्या भिंतीच्या एका बाजूला पाणी साचून राहणं घातकही आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भिंती कोसळून झोपड्यांतली माणसं दगावली, ते अजून विसरता आलेलं नाही. तक्रारीत भिंतीच्या पायाची तपासणी मागा, आणि पाणी साचलं असताना त्या चार फुटांच्या बोळातून नातवंडांना जाऊ देऊ नका.

दाव्याच्या मागण्या अशा असाव्यात: उजेड-वाऱ्याचा हक्क ठरवून मिळावा, भिंत आणखी चढवू नये अशी कायमची मनाई, आणि खिडकीसमोरचा भाग अमुक उंचीपर्यंत उतरवण्याचा आदेशात्मक हुकूम. पाणी जाण्यासाठी तळाशी भोकं सोडण्याची मागणीही त्यातच. दाव्यासोबत निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत काम थांबवण्याचा, अर्ज त्याच दिवशी द्यायचा. उभी भिंत पाडायला सांगताना कोर्ट दहा वेळा विचार करतं, चढती भिंत थांबवायला तितका करत नाही. घाई करा म्हणतो ते यासाठी.

जागेची पाहणी करून कोर्टाला अहवाल देणारा कोर्ट कमिशनर नेमून घ्या. त्याबाबत एक आठवण सांगतो. माझ्याच एका अशिलाकडे कमिशनर पाहणीला आले, तेव्हा घरच्यांनी पाहुणे आले म्हणून सगळ्या ट्यूबलाइट लावल्या होत्या. अहवालात आलं, 'खोलीत पुरेसा उजेड आहे.' ती एक ओळ खोडून काढायला आम्हाला दोन वर्षं लागली. दिवे बंद ठेवा, आणि कमिशनरना तीच वेळ मागा ज्या वेळी पूर्वी खिडकीतून ऊन यायचं.

राहिली हद्द. भिंत 'हद्दीवर' आहे असं तुम्ही लिहिलंत, पण नेमकी कोणाच्या जागेत? भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीनंतर नकाशाची क प्रत घ्या. भिंत तुमच्या जागेत सरकली असेल तर दावा कब्जाचा होतो आणि तो याहून सोपा. मात्र मोजणीची तारीख लांबू शकते, तिच्यासाठी उंचीची तक्रार थांबवू नका. आणि भिंतीपलीकडची पट्टी आमचीच, असं बोलण्याच्या भरात कुठे लिहून देऊ नका. दुसऱ्याची जागा म्हणून वापरली तरच सुविधाधिकार मिळतो. स्वतःची म्हणून वापरली म्हटलं की तो अडचणीत येतो.

खर्चाची काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळींमधून दिसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुमच्या तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. तिथे दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवायला सांगता येतं. तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही.

तडजोडीला वाव आहे असं मला वाटतं. शेजाऱ्यांना आडोसा हवा असेल, तुमच्या खिडकीतून त्यांची न्हाणी दिसत असेल, तर त्यांचंही म्हणणं गैर नाही. भिंत पाच फुटांवर आणून वर तीन फूट जाळी, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला तुमच्या खर्चाने धुरकट काच, आणि शेवग्याच्या त्यांच्याकडे गेलेल्या फांद्या दरवर्षी तुम्ही छाटायच्या, असा मसुदा मी तरी पुढे ठेवला असता. फांद्या तर या रविवारीच छाटून घ्या. कोणी सांगायची वाट पाहू नका. बोलणी काहीही झाली तरी लेखी आणि दोघांच्या सहीने, आणि बोलणी चालू आहेत म्हणून सोमवारचा अर्ज मागे ठेवायचा नाही. सकाळी दहाला नगरपरिषदेचं दार उघडतं. गवंडी साधारण त्याच वेळी कामाला लागतात.