वाचकांचे प्रश्न : शेजारच्या बंबाला हाक कधी द्यायची?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेकडे एक बंब आणि पाळीला पाच माणसं आहेत. इमारत कोसळली तर शेजारच्या तीन नगरपरिषदांची मदत मिळावी म्हणून करार करायचा आहे. त्यात काय लिहावं?
– एक फायरमन, रायगड जिल्हा

उत्तर : पहिलं कलम हाक कधी द्यायची याचं असू द्या. ‘गरज भासल्यास’ एवढंच लिहिलं की घात होतो. मग अधिकारी जागेवर जाणार, पाहणी करणार, वरिष्ठांना विचारणार आणि त्यात अर्धा तास जाणार. त्याऐवजी स्पष्ट लिहा : इमारत पडल्याचा कॉल आला की आपला बंब निघतानाच तिन्ही केंद्रांना आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला (१०७७) फोन जाईल. कॉल खोटा निघाला तर गाड्या वाटेतून परत फिरतील. डिझेल गेलं तर गेलं.

एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसात घाट उतरून तुमच्यापर्यंत पोचायला त्यांना काही तास लागतात, तोवर जागा तुमच्याच हातात. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला. म्हणून सुरुवातीला जेसीबी ढिगाऱ्यावर चढवू देऊ नका. त्याच्या वजनाने आतल्या पोकळ्या बसतात आणि त्या पोकळ्यांतच माणसं जगलेली असतात. वीज आणि गॅस तोडा. कोण कुठल्या मजल्यावर, कुठल्या खोलीत होतं ते शेजाऱ्यांना विचारून कागदावर काढा. पुढच्या पथकाला या कागदाइतका दुसऱ्या कशाचाच उपयोग होत नाही.

चार गावांची माणसं एका ढिगाऱ्यावर आली की शिट्ट्या एकच हव्यात : एक लांब म्हणजे थांबा, शांतता, कान लावा. एक लांब, एक आखूड म्हणजे काम पुन्हा सुरू. तीन आखूड, पुन्हा पुन्हा, म्हणजे सगळे बाहेर. प्रमुख कोण, तेही आधीच ठरवा. ज्याचं गाव, त्याचा अधिकारी. मदतीला आलेला पदाने मोठा असला तरी. हद्दीबाहेर गेलेल्या कर्मचाऱ्याचा विमा लागू राहील, असा ठराव चारही सभांत मंजूर करून घ्या. हे राहून जातं आणि नंतर घरच्यांना खेटे घालावे लागतात.

प्रश्न : चौघांनी सगळी साधनं घ्यावीत की वाटून?
– नगरसेविका, त्याच भागातून

उत्तर : वाटून. एकाने हायड्रॉलिक कटर-स्प्रेडर (सळ्या कापायला आणि फट फाकवायला), दुसऱ्याने उचलायच्या एअरबॅगा, तिसऱ्याने विहीर आणि गटारासाठी तिपाई, विंच व गॅस डिटेक्टर, चौथ्याने टेकूचं लाकूड आणि पाचरी. मात्र साधन जाईल तिथे ते चालवणारी माणसंही जातील. कटर एका कंपनीचा आणि त्याला दाब देणारा पंप दुसऱ्या कंपनीचा असेल तर कपलिंग बहुधा बसतच नाही, म्हणून दोन्ही एकाच गाडीत ठेवा. एअरबॅग फुगवताना जेवढं उचललं तेवढं लगेच लाकडाने भरून घ्या, कारण बॅग सरकली की अख्खा स्लॅब खाली येतो.

बी.ए. सेट (पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) मात्र प्रत्येक केंद्राकडे हवेतच, आणि शक्यतो एकाच बनावटीचे. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाला १,८०० लिटर हवा मावते. हवा संपत आल्याची शिट्टी सेटमध्ये वाजते, तिच्यासाठीचे ५० बार सोडले तर १,५०० उरते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ३७ मिनिटं, पण अंगमेहनत करणारा माणूस ६० ओढतो, मग २५. यात उतरणं आणि परत वर येणंही आलं. सेप्टिक टँकमध्ये एकामागोमाग उतरणारे मदतकर्तेच दगावतात, म्हणून दोघे आत असतील तर दोघे सेट चढवून तोंडाशी तयार हवेत. पाळीच्या पाच जणांत एक चालक पंपापाशी अडकतो. उरलेल्या चौघांचा दुसरा फेरा होत नाही, तो शेजारच्या गावालाच करावा लागतो.

दर तीन महिन्यांनी चारही गाड्या एका मैदानात आणा आणि एकमेकांचे होज, सक्शन पाइप, वॉकीटॉकी प्रत्यक्ष जोडून पाहा. जे जुळलं नाही त्याची यादी त्याच दिवशी चारही मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर गेली पाहिजे.