फुकट तीन महिने की फुकट दोन वर्षं?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे साचे भरणारा, आहे. मुलगी दहावी झाली, ६१ टक्के. आयटीआयला मशिनिस्ट घेणार म्हणून हटून बसलीय. एका प्रशिक्षण केंद्राचा माणूस घरी येऊन सांगून गेला, सरकारी कौशल्य विकास योजनेत सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचा, तीन महिन्यांचा कोर्स आहे, एक रुपया फी नाही, वर नोकरी. दोन्हीकडं पैसा सरकारचाच, मग दोन वर्षं कशाला घालवायची?
— एक पालक, पुलाची शिरोली

उत्तर : नमस्कार. पैसा सरकारचाच, हे खरं. पण तो कशावर खर्च होतो ते बघा.

कौशल्य विकास योजनेतल्या केंद्राला पैसे मिळतात ते दर उमेदवारामागे. बॅच भरली तर केंद्र चालणार, म्हणून तर माणूस तुमच्या दारात आला. सरकारी आयटीआयचा कुणी असा दारोदार फिरत नाही (फिरायला हवं, हे वेगळं). तिथं पैसा शिकवणाऱ्या निदेशकाच्या पगारात, मशिनमध्ये आणि वर्कशॉपमध्ये जातो, मुलांकडून फी नाममात्र घेतात.

आता तास मोजा. मशिनिस्ट ट्रेडला वर्षाला १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, आणि अशी दोन वर्षं. छोटा कोर्स काहीशे तासांत संपतो. आयटीआयत पहिले काही आठवडे तर नुसती फाइल (कानस) मारून लोखंडाचा चौकोनी जॉब काटकोनात आणायचा आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचायचं. मुलं कंटाळतात. पण तुमच्याच फाउंड्रीतलं कास्टिंग (ओतीव माल) मशिनिंगला जातं, तिथं माप चुकलं की अख्खा माल रिजेक्ट होतो, हे तुम्हाला मी काय सांगू? बटण दाबणारा ऑपरेटर तीन महिन्यांत तयार होतो. ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा होत नाही.

शिवाय पुढची वाट. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. नाही गेली, तर शिकाऊ उमेदवारी आहेच. तिथं कंपनीला विद्यावेतन द्यावंच लागतं, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर डिप्लोमाचं दार उघडत नाही.

छोटे कोर्स वाईट, असं मी म्हणत नाही. हातात काम असलेल्याला ते चांगले. उलट तुम्हीच चौकशी करा. वर्षानुवर्षं साचा भरणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय त्याच कौशल्य विकास योजनेत आहे.

केंद्र सरकारनं २०२५ मध्ये आयटीआय सुधारायला ६०,००० कोटींची योजना मंजूर केलीय. त्यातलं कोल्हापुरात काय पोचेल ते पोचेल, प्रवेश त्याच्या भरवशावर घेऊ नका. मुलीला घेऊन कामाच्या दिवशी कळंब्याच्या आयटीआयत जा. वर्कशॉपमध्ये मशिनखाली ताजा चुरा पडलाय का, की वर आच्छादन घालून ठेवलंय, एवढं बघा. त्या प्रशिक्षण केंद्रावरही असंच अचानक जा, आणि नोकरीची हमी कंपनीच्या नावानिशी लेखी मागा.

अर्ज ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून भरा. मुलींना ३० टक्के जागा राखीव आहेत आणि मशिनिस्टला मुली कमीच येतात, त्यामुळं ६१ टक्क्यांची धास्ती घेऊ नका. खासगी आयटीआयत नंबर लागला तरी प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, फी परत मिळायला तेच लागतं. उत्पन्नाचा आणि असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रात रांग लागते.