रॅमवर ६००० लिहिलंय, कॉम्प्युटर ४८०० दाखवतो. मदरबोर्ड बदलावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी६५० चिपसेटचा नवा मदरबोर्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक. पाकिटावर ६०००, टास्क मॅनेजरमध्ये ४८००, आणि कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये चक्क २४००. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाला नेणारी सेटिंग, चालू केलं तर स्क्रीन काळी ती काळीच, म्हणून घाबरून पॉवरचं बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर परत ४८००. आता हा बोर्ड परत करून एक्स६७० घ्यावा का, आणि पुढेमागे आणखी दोन स्टिक टाकायच्या आहेत, त्या चालतील का?

आधी मला एक सांगा, त्या काळ्या स्क्रीनसमोर तुम्ही किती वेळ थांबलात? अर्धा मिनिट? एक मिनिट? कारण माझा अंदाज असा आहे की तुमचा बोर्ड बिघडलेला नाही, त्याला काम पुरं करू दिलं गेलं नाही.

मी स्वतः हेच केलेलं आहे, तेही तीनदा. पहिल्यांदा डीडीआर५ ची मशीन जोडली तेव्हा एक्सपो चालू करून सेव्ह केलं. पंखे फिरले, बोर्डाच्या कडेला ‘डीआरॅम’ लिहिलेला बारीक पिवळा दिवा लागला आणि तिथेच अडकला. मी वीस-पंचवीस सेकंद थांबायचो आणि बटण दाबून बंद करायचो. तिसऱ्या वेळी बंद करायला हात पुढे केला आणि फोन वाजला. बोलून परत आलो तर समोर विंडोजचा लॉगिन. नंतर एकदा मुद्दाम घड्याळ लावून बघितलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले.

तेवढ्या वेळात बोर्ड ‘मेमरी ट्रेनिंग’ करत असतो. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधल्या प्रत्येक तारेवरून सिग्नल नेमका कुठल्या क्षणी वाचायचा, किती व्होल्टेजला वाचायचा, हे तो चाचपून ठरवतो. वेग बदलला की सगळं पुन्हा. डीडीआर४ मध्येही हे व्हायचं, पण पटकन उरकायचं, लक्षातही यायचं नाही. डीडीआर५ वेळ खातं. मधेच बटण दाबलंत की त्याच्या दृष्टीने प्रयत्न फसला, आणि असे काही प्रयत्न फसले की तो गुपचूप मूळच्या सुरक्षित वेगावर येतो. म्हणजे तुमचे ४८००.

आता हे ४८०० आणि ६००० काय प्रकरण आहे ते. रॅमचे सर्वमान्य वेग जेडेक नावाची संस्था ठरवते, आणि डीडीआर५ ची सुरुवातीची ठरलेली पायरी ४८०० ची. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात हे नेहमीचे वेग लिहिलेले असतात आणि शिवाय कंपनीने तपासलेला जास्त वेगाचा एक संच असतो. तो संच म्हणजे प्रोफाईल. इंटेलच्या पद्धतीचं नाव एक्सएमपी, ते २००७ पासून आहे. एएमडीने डीडीआर५ साठी २०२२ मध्ये एक्सपो आणलं. बोर्ड आपणहून हा संच वापरत नाही, तुम्ही सांगावं लागतं. आणि हे नीट ऐका: पाकिटावरचे ६००० हा रॅमवाल्यांचा शब्द आहे, प्रोसेसरवाल्यांचा नाही. तुमच्या ७६०० ला दोन स्टिकवर एएमडी ५२०० पर्यंतचीच हमी देतं. त्यापुढचं सगळं त्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग. व्यवहारात ६००० बहुतेक सगळ्यांकडे चालतं, तुमच्याकडेही चालेल असंच मला वाटतं, पण हमी आणि अनुभव यातला फरक लक्षात असू द्या.

सीपीयू-झेडमधल्या २४०० ने घाबरू नका. डीडीआर या नावातच दुप्पट आहे: घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती जाते. तो प्रोग्रॅम ठोके दाखवतो, टास्क मॅनेजर फेऱ्या दाखवतो. २४०० दुणे ४८००. सगळं जमल्यावर तिथे ३००० च्या आसपास आकडा दिसला की तुमचे ६००० झाले.

एक्स६७० चा विचार सोडा. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, मदरबोर्डवर नसतोच. एएमडीने तो २००३ मध्ये प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८ मध्ये. बोर्डाचं काम त्या दोघांमधला रस्ता चांगला बांधणं आणि बायोस नीट लिहिणं. एक्स६७० मध्ये बी६५० चीच चिप एकाऐवजी दोन असते. त्याने यूएसबी, साटा, एसएसडीच्या जागा वाढतात. रॅम त्यामुळे एका पैशाने वेगवान होत नाही.

आता करायचं काय. कॉम्प्युटर बंद करून मागचा स्विच पाडा आणि स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते बघा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, ज्यांच्याजवळ बहुधा ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्या असतील तर रॅम चालते, पण जास्त वेगाला कुरकुरते, कारण तार पुढच्या रिकाम्या स्लॉटपर्यंत जाते आणि तिथून सिग्नल आपटून परत येतो. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात लावल्या असतील तर दोन्ही एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोनपैकी एकाच रस्त्यावर आल्या, अर्धा वेग तिथेच गेला. दाबून बसवताना खटका ऐकू आला पाहिजे. बऱ्याच बोर्डांवर खटक्याची कडी एकाच बाजूला असते, दुसरी बाजू अर्धवट बसलेली चटकन दिसत नाही. बोट फिरवून बघा.

मग बायोस अपडेट. हे काम लोक शेवटी करतात, खरं तर आधी करायला हवं. एएम५ चे, म्हणजे तुमचा प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो त्या बोर्डांचे, सुरुवातीचे बायोस रॅमच्या बाबतीत कच्चे होते आणि तुमचा बोर्ड दुकानात किती दिवस पडून होता हे तुम्हाला माहीत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही एक्सथ्रीडी प्रोसेसर जळाल्याच्या घटना समोर आल्या, त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला, १.३ व्होल्टची वेसण घातली. एक्सपो चालू केलं की बोर्ड हेच व्होल्टेज आपोआप चढवतो, त्यामुळे जुन्या बायोसवर एक्सपो नको. अपडेट करण्याआधी एक काम मात्र विसरू नका: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते थांबवून ठेवा किंवा त्याची रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. अपडेटनंतर निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी की मागितली की भल्याभल्यांचे चेहरे पडतात.

अपडेट झालं की एक्सपो चालू करा, सेव्ह करा, आणि उठून जा. दहा मिनिटं तिकडे फिरकू नका. मशीन मधे एकदोनदा स्वतःच बंद-चालू झाली तरी चालू दे म्हणावं.

दहा मिनिटांनीही काळीच राहिली तर सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळची करा. बोर्डावर त्यासाठी दोन पिना असतात, काहींवर मागे बटण असतं. नसेल तर विजेची वायर काढून नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. मग पुन्हा एक्सपो लावा, पण मेमरीचा वेग हाताने ५६०० करा, बाकी सगळं प्रोफाईलचंच ठेवा. ५६०० चाललं तर ५८०० करून बघा. ५६०० वरही अडलं तर एकेक स्टिक एकटी ए२ मध्ये लावून बघा. एक स्टिक चालते आणि दुसरी नाही, तर रॅमचा सेट बदलून मागा, दोन्ही स्टिक एकत्र. दोन्ही एकट्या चालतात, ए२ मध्येही आणि बी२ मध्येही, पण जोडीने नाही, तर कंट्रोलरची ताकद तेवढीच आहे, ५६०० वर समाधान माना. आणि ए२ मध्ये सगळं चालतं पण बी२ मध्ये काहीच नाही, तर मात्र बोर्ड किंवा सॉकेट. पण तेव्हाही आधी कूलर काढून प्रोसेसर उचला, सॉकेटमध्ये १७१८ बारीक पिना आहेत, टॉर्च तिरकी धरून बघितलं की वाकलेली पिन चकाकते. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेल्यामुळे एक चॅनेल गायब होतो, हेही मी पाहिलं आहे; सैल करून कोपऱ्या-कोपऱ्याने आवळले आणि रॅम परत आली.

विंडोज उघडली म्हणजे सगळं जमलं असं समजू नका. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राईव्हवर घेऊन रात्रभर चालवा. एकही चूक आली तरी तो वेग तुमचा नाही. रॅमची चूक लगेच कळत नाही, त्यातच तिचा धोका आहे: आज एक झिप फाईल उघडत नाही, परवा ब्राउझर बंद पडतो, आणि आपण विंडोजला शिव्या देत बसतो. बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ असा पर्याय दिसेल, तो चालू असला की बोर्ड दर वेळी नव्याने ट्रेनिंग करत नाही आणि लवकर सुरू होतो. पण चाचणी सुरू असताना तो बंद ठेवा, नाहीतर जुनंच ट्रेनिंग वापरलं जातं आणि आपण कशाची परीक्षा घेतोय तेच कळत नाही.

५६०० वर थांबावं लागलं तर किती नुकसान? हिशेब सोपा आहे. रॅमच्या पाकिटावर सीएल म्हणून आकडा असतो, म्हणजे माहिती मागितल्यावर रॅम किती ठोके घेते तो, त्याला २००० ने गुणून वेगाने भागा, नॅनोसेकंदात उत्तर येतं. ६००० आणि सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ५६०० आणि सीएल ३० म्हणजे १०.७. पण ४८०० आणि सीएल ४० म्हणजे १६.७. म्हणून ४८०० वर राहू नका एवढा आग्रह मी धरीन, ५६०० आणि ६००० मध्ये जीव अडकवू नका. उलट ६४००, ७२०० च्या मागे लागण्यात या प्रोसेसरवर अर्थ नाही. ६००० पर्यंत कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने ३००० वर पळतो. त्याच्या वर गेलात की बरेच बोर्ड कंट्रोलरला आपोआप निम्म्यावर आणतात, मग आकडा मोठा आणि काम हळू.

राहिल्या त्या आणखी दोन स्टिक. इथे माझं ठाम मत आहे: टाकू नका. चार स्टिकवर याच प्रोसेसरची एएमडीची हमी ५२०० वरून थेट ३६०० वर येते. मी हा शहाणपणा पैसे घालवून शिकलो. तोच सेट, तेच नाव, तोच आकडा बघून आठ महिन्यांनी दुसरी जोडी आणली. आत चिपा वेगळ्या कंपनीच्या निघाल्या. चारही लावल्यावर ट्रेनिंगलाच सात मिनिटं, ६००० नाही, ५२०० नाही, शेवटी ४४०० वर मेमटेस्ट पास झाली. म्हणजे रॅम दुप्पट आणि वेग पहिल्या दिवशीच्या ४८०० पेक्षाही कमी. ६४ जीबी लागणार याची आताच खात्री असेल तर रॅम बदलून घ्या, ३२ च्या दोन.

बोर्ड अजून न घेतलेले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी क्रम असा: आधी प्रोसेसर, मग शेवटी किती रॅम लागेल तो आकडा, मग बोर्ड. दोनच स्टिक वापरणार असाल तर दोनच स्लॉट असलेला बोर्ड कमी दर्जाचा समजू नका, रस्ता आखूड असल्याने जास्त वेगाला तो उलट बरा असतो. इंटेलच्या बारा ते चौदाव्या पिढीसाठी घेताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, त्या सॉकेटवर काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत आणि काही डीडीआर५ चे. पिना दोन्हीकडे २८८ च, पण खाच वेगळ्या जागी, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. दोन, एच६१० चिपसेटवर रॅमचं ओव्हरक्लॉकिंग चालत नाही, महागडी स्टिक लावली तरी ती ठरलेल्या वेगावरच धावेल. बी६६० किंवा बी७६० वर ती अडचण नाही. एएमडीकडे मात्र अगदी खालचा ए६२० सुद्धा एक्सपो घेतो. आणि एएम५ घेत असाल तर प्रोसेसर न लावता पेन ड्राईव्हवरून बायोस टाकता येईल असं बटण असलेला बोर्ड घ्या. हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार असं एएमडीने जाहीर केलं आहे, पुढच्या प्रोसेसरच्या वेळी ते बटण कामाला येईल.

तुम्ही आज रात्री बायोस अपडेट करून एक्सपो लावा. दहा मिनिटांनी दिवा अजून अडकलेला असेल तर बोर्डाचं मॉडेल, रॅमच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर आणि बायोसची आवृत्ती खाली लिहा. बोर्डवाल्यांच्या तपासलेल्या रॅमच्या यादीत तुमचा सेट आहे का ते बघून पुढचं सांगतो.