बहुवारिकातला 'वार' कोणता?

नांदेडला एमएस्सी करणाऱ्या एका पोराने विचारलंय, "दृश्य प्रकाशाने पाण्यात ब्रँच्ड पॉलिमर बनवतात त्यावर मराठीत सेमिनार द्यायचाय, शाखीय पॉलिमर म्हणू का?"

नको रे बाबा. शाखीय म्हणजे शाखेचं, शाखीय बैठक वगैरे. ज्याला शाखा फुटल्या ते शाखित, आणि इथं त्या फुटतात पॉलिमरला, म्हणजे छोटे रेणू एकाला एक जोडून झालेल्या लांब साखळीला. हल्ली जो तो शाखीय म्हणायलाय, डोकं उठतं. बोलताना सरळ फाटेदार म्हण, आपल्याकडं एसटीने फिरणाऱ्याला फाटा काय ते समजवावं लागत नाही.

पण गंमत पॉलिमरच्या मराठी शब्दात आहे. विश्वकोशात बहुवारिक आहे, मोनोमरला, म्हणजे साखळीत जोडल्या जाणाऱ्या छोट्या रेणूला, एकवारिक. लोक हसतात आणि हिंदीतलं बहुलक उचलतात. बहुलक म्हणजे नुसतं पुष्कळ, पण कशाचं? दुसरे विद्वान म्हणतात ग्रीक 'मेरोस' म्हणजे भाग, तर बहुभागिक करा. अहो, बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1833 मध्ये पॉलिमेरिक हा शब्द काढला तेव्हा लांब साखळी त्याच्या डोक्यातही नव्हती, मूलद्रव्यांचं प्रमाण तेच पण एकाचा रेणू दुसऱ्याच्या दुप्पट-चौपट, अशा पदार्थांसाठी होता तो. तेच, पण इतके वेळा. म्हणजे वारच की! एकवार, वारंवार यातला. संस्कृतात वार म्हणजे पाळी, खेप, म्हणून सोमवार ही सोमाची पाळी. आणि वारी पण यातलीच, कुणी काहीही म्हणो. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तीच वाट, तोच गजर, दरसाल. ज्याने हा शब्द घडवला त्याला बर्झेलियस माहीत असो नसो, नेम बरोबर बसलाय, भागवाल्यांपेक्षा तर नक्कीच.

हां, सेमिनार. पाण्यात इओसिन नावाचा रंग, जोडीला तांब्याचं संयुग चिमूटभर, वरून हिरवा प्रकाश. ब्रोमिनवाला एकवारिक साखळीत बसला की त्याच जागेवरून नवा फाटा फुटतो, एवढं फळ्यावर काढून दाखव. उदाहरण घरचं दे, ज्वारीच्या पिठात गरम पाणी घातलं की उंडा चिकट होतो ना, त्या स्टार्चमधलं अमायलोपेक्टिन फाटेदारच असतं, अमायलोज बहुतेक सरळ.

दृश्य प्रकाश बरोबर लिहिलंयस. कुणी दृश्यमान कर म्हणालं तर करू नको.