कोकणातल्या छोट्या विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक फक्त शिकवतात की संशोधनही करतात?

दोन्ही करतात, आणि मत्स्यशास्त्रात तर दोन्ही वेगळं काढताच येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रही रत्नागिरीतच. त्यामुळे सकाळी फळ्यावर शिकलेली कालवं, तिसऱ्या (शिंपले), कोळंबी दुपारी खाडीवर जाऊन बघता येतात, आणि त्यांच्यावरच प्रबंधही करता येतो. मोठ्या शहरातल्या बऱ्याच नावाजलेल्या विभागांनाही हे सुख नाही! मात्र कोकणातल्याच मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत फरक पडतो: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं, म्हणून संशोधनाला उरलासुरला वेळ मिळतो. प्रवेशाआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध बघाच.