व्हीएफएक्सच्या कोर्सला अडीच लाख भरावेत का?

प्रश्न : मी तालुक्याच्या थिएटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. रिळं बंद होऊन सगळं डिजिटल झालं आणि नोकरी गेली. आता मुलगी बारावी झाली, तिला सिनेमातच जायचंय. मोबाइलवर एडिटिंग छान करते. कॉलेज नको, अडीच लाखांचा व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर सिनेमातली दृश्यं बदलण्या-घडवण्याचा) कोर्स करते म्हणते. संस्था नोकरीची हमी देतेय. उद्या एआयने तिचंही काम गेलं तर?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. पण डिजिटलमुळे सिनेमातलं सगळंच काम संपलं नाही. बरंचसं शूटिंगनंतरच्या टेबलावर सरकलं.

35 एमएमचं हजार फुटांचं रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं, हे तुम्हाला मी काय सांगणार! निगेटिव्ह महाग, म्हणून आधी तालीम, मग मोजके टेक. आता कॅमेरा चालूच ठेवतात आणि संध्याकाळी कार्डांमधून तासन्‌तासांचं फुटेज येऊन पडतं. ते हार्ड डिस्कवर उतरवायचं, निदान दोन ठिकाणी कॉपी ठेवायची, कॉपी नीट झाली का ते तपासायचं आणि मगच कार्ड पुसायला द्यायचं. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो, म्हणून क्लॅपची (टेकच्या सुरुवातीला वाजवलेल्या पाटीची) फ्रेम शोधून चित्र आणि आवाज जुळवायचं. मग प्रत्येक टेकला नाव लावायचं. हे असिस्टंट एडिटरचं काम. पैसे सुरुवातीला बेताचेच, तेही एकेका प्रोजेक्टपुरते. पण एडिटरच्या शेजारी बसायला मिळतं, आणि चांगला दिसणारा टेक त्याने का टाकून दिला ते तिथेच कळतं. तुमच्या लेकीने याच दाराने आत जावं असं मला वाटतं.

व्हीएफएक्समध्ये नवशिक्याच्या वाट्याला बहुतेक रोटो येतं : एकेका फ्रेममध्ये माणसाची कड आखून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं काढणं. सेकंदाला 24 फ्रेम. एआय सगळ्यात आधी याच कामात घुसलंय. शिवाय आपल्याकडच्या स्टुडिओंचं बरंच काम परदेशी चित्रपटांचं असतं. 2023 मध्ये हॉलिवूडमध्ये लेखक-कलाकारांचा संप झाला आणि इथली कामं आटली. नोकरीची हमी कोणत्या कामाची, ते म्हणूनच विचारायचं.

पदवी मात्र सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-शिक्षण संस्थेत किंवा तशाच कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत एडिटिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. जागा फार थोड्या, त्यामुळे सगळी भिस्त त्यावर नको. पण आज बारावीवर थांबली तर तो रस्ता बंदच. खर्च करायचाच तर चांगला कॉम्प्युटर घ्या. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मिळते. त्यात एडिटिंग, कलर, आवाज, थोडंफार व्हीएफएक्सही शिकता येतं.

मोबाइलवरचे रील गाण्याच्या ठेक्यावर कापले की बरे दिसतात. तिला दोन माणसांच्या संभाषणाचा एक प्रसंग संगीत न लावता कापायला सांगा. त्यात ती रमली, चार वेळा मोडून पुन्हा जोडत बसली, तर एडिटिंग तिच्यासाठी आहे असं समजा.

तरीही कोर्सचाच हट्ट असेल, तर फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या मुलांचे फोन नंबर मागा आणि ती आज नेमकं काय काम करतात ते त्यांनाच विचारा. संस्थेने टाळाटाळ केली, तर पैसे भरू नका.